निरुपाय ज्ञानाचे मोल

ज्या ज्ञानातून कोणताही उपाय निघण्याची आशा नाही, ते मिळविण्यासाठी एखाद्या अजाण जीवाला इजा करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? प्रश्न असा उघडपणे मांडला म्हणजे त्याचे उत्तर सोपे वाटते. ‘मुळीच नाही’ असे म्हणून सज्जन माणूस मोकळा होईल. परंतु वैद्यकाच्या एका लहानशा दालनात हा प्रश्न गेली दीडशे वर्षे विचारला जात आहे, आणि तेथे मात्र त्याचे उत्तर इतक्या सहजासहजी देता येत नाही. हे दालन जन्मतःच दुर्बळ स्नायू घेऊन आलेल्या मुलांच्या रोगनिदानाचे होय.

अशा मुलाची कल्पना करणे कठीण नाही. हातावर घेतले की ते कापडी बाहुलीसारखे लोंबते. त्याचे रडणे क्षीण असते, दूध ओढताना ते दमते, आणि मान धरण्याचा काळ उलटून गेला तरी मान सावरत नाही. डोळे मात्र तरतरीत असतात. आईच्या चेहऱ्यावरील प्रत्येक रेषा ते टिपून घेतात. मेंदूची तपासणी होते, रक्त तपासले जाते, आणि अखेरीस डॉक्टर सांगतात की मांडीच्या स्नायूतून हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागेल. बाप विचारतो, “त्याने मूल बरे होईल काय?” डॉक्टर प्रामाणिक असतील तर ते म्हणतात, “बहुधा नाही.” यावर बापाचा दुसरा प्रश्न येतो, “मग कशासाठी?” या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जिवंत माणसाच्या स्नायूचा तुकडा काढून पाहण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. जर्मनीत ग्रीझिंगर यांनी १८६५ च्या सुमारास असा तुकडा तपासला, आणि फ्रान्समध्ये द्यूशेन यांनी त्यासाठी एक खास सुई बनवून घेतली. आज ज्यांच्या नावाने लहान मुलग्यांचा एक भयंकर स्नायुरोग ओळखला जातो, तेच हे द्यूशेन. तोपर्यंत रोग्याच्या स्नायूत काय बिघडले आहे हे त्याच्या मृत्यूनंतरच कळत असे. द्यूशेन यांनी १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखनात रोगी जिवंत असतानाच घेतलेल्या तुकड्यांचा आधार घेतला. त्यावर टीकाही झाली. केवळ पाहण्यासाठी जिवंत देहाला टोचावे काय, असा आक्षेप घेण्यात आला. ‘बायॉप्सी’ हा शब्द तर त्यानंतर, १८७९ साली, बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने प्रचारात आणला. म्हणजे क्रियेला नाव मिळण्यापूर्वीच तिच्या नीतिमत्तेविषयी वाद उत्पन्न झाला होता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. येथे वैद्य रोग्याला काही देण्याआधी त्याच्याकडून काही घेतो, आणि घेतलेल्याची परतफेड होईलच असे वचन तो देऊ शकत नाही.

आता या तुकड्यात दिसते तरी काय, हे पाहिले पाहिजे. १९०० साली बर्लिनच्या ओपेनहाइम यांनी अशा शिथिल बालकांच्या अवस्थेला ‘मायाटोनिया कंजेनिटा’ असे नाव दिले. नाव भारदस्त होते, परंतु त्याचा अर्थ ‘जन्मजात शिथिलता’ एवढाच. आईने जे आधीच पाहिले होते तेच तिला ग्रीक व लॅटिन भाषांत ऐकविल्यासारखे झाले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ती अवस्था होती. त्या एका नावाच्या टोपलीत पुढे कित्येक दशके निरनिराळ्या जातींचे रोग एकत्र टाकले गेले. त्यांपैकी काही मुले वर्षाच्या आत दगावत, काही आयुष्यभर तशीच दुर्बळ राहत, आणि काही हळूहळू सुधारतही. पाळण्यातील मुलाकडे पाहून यांतील कोणते भवितव्य त्याच्या वाट्याला येणार, हे कोणालाही सांगता येत नसे.

ही टोपली निवडण्याचे काम सूक्ष्मदर्शकाने केले. १९५६ साली अमेरिकेत शाय आणि मॅगी यांनी एकाच घराण्यातील तीन पिढ्यांमधील पाच व्यक्तींचे वर्णन प्रसिद्ध केले. ही माणसे लहानपणी उशिरा चालू लागली होती, त्यांना बरोबरीच्या मुलांबरोबर पळता येत नव्हते. परंतु त्यांची दुर्बलता वाढत मात्र नव्हती. त्यांच्या स्नायुतंतूंचा आडवा छेद घेऊन रंगविला तेव्हा तंतूच्या मध्यभागी एक निराळ्या रंगाचा गाभा दिसला. या गाभ्यात मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरविणारे घटक, नसतात असे पुढे सिद्ध झाले. यावरून त्या रोगाला ‘सेंट्रल कोअर’ अथवा गाभ्याचा रोग असे नाव पडले. १९६३ साली शाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका मुलाच्या तंतूंत दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या बारीक कांड्या पाहिल्या. धाग्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्या विकाराला ‘नेमालाइन’ म्हणू लागले. १९६६ साली तिसरा प्रकार आला. त्यात तंतूचे केंद्रक कडेला असावयाचे ते मध्यभागी ओळीने बसलेले आढळले. गर्भावस्थेतील कोवळ्या स्नायुनलिका अशाच दिसतात. म्हणून वाढ मध्येच थांबली असावी असा तर्क करून त्याला ‘मायोट्यूब्युलर’ हे नाव देण्यात आले.

गाभा, कांड्या आणि मध्यभागी आलेले केंद्रक या तीन आकृतींनी कोणत्याही मुलाच्या अंगात बळ आले नाही. तरीसुद्धा त्यांनी एक गोष्ट दिली. ज्याच्या तंतूंत गाभा दिसला त्याच्या आईबापांना, ‘हे मूल बहुधा यापेक्षा खालावणार नाही’, असे सांगता येऊ लागले. ज्यांनी मूल दर महिन्याला थोडे थोडे गमावण्याची तयारी मनाशी केली होती, त्यांना या एका वाक्याचे मोल किती असेल, ते सांगावयास नको.

आपल्या प्राचीन वैद्यकात या भेदासाठी एक सुरेख परिभाषा आहे. चरकसंहितेत रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे प्रकार मानले आहेत. यांपैकी ‘याप्य’ हा शब्द मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. जो बरा होत नाही, परंतु योग्य सांभाळ केला असता ज्याच्यासह आयुष्य कंठता येते, तो याप्य. साध्य आणि असाध्य यांच्या मध्ये अशी एक जागा ठेवण्यात मोठे शहाणपण आहे. आजचे लोकमत बहुधा दोनच खाने ओळखते, ‘औषध आहे’ आणि ‘औषध नाही’. दुसऱ्या खान्यात पडलेल्याकडे पाठ फिरविण्यास मग आपण मोकळे होतो. परंतु निरुपाय आणि निरर्थक हे समानार्थी शब्द नव्हेत. एखादे मूल याप्य आहे की असाध्य, हे कळणे हेही ज्ञानच आहे. त्यावर त्याचे बसणे, श्वास, आहार, शाळा आणि पाठीच्या कण्याची काळजी ही सर्व अवलंबून असतात.

येथपर्यंत युक्तिवाद बायॉप्सीच्या बाजूने जातो. आता प्रतिपक्षाचेही ऐकले पाहिजे, आणि त्याचे म्हणणे लहान नाही.

पहिला आक्षेप असा की, सूक्ष्मदर्शकाने दिलेली नावे तरी स्थिर कोठे आहेत? १९५८ साली सिडनी येथील डॉक्टर रे यांना एका स्नायूच्या तुकड्यात त्या कांड्या दिसल्या होत्या. परंतु हा तुकडा तयार करताना झालेला दोष आहे, असे म्हणून ते निरीक्षण बाजूला सारण्यात आले आणि प्रसिद्धच झाले नाही. सुमारे चाळीस वर्षांनी ते जुने तुकडे पुन्हा पाहण्यात आले, तेव्हा त्या कांड्या खऱ्या असल्याचे ठरले. पाहणाऱ्याजवळ खाना नसेल तर डोळ्यांसमोरची वस्तूही दिसत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. उलट बाजूही तितकीच खरी आहे. खाना तयार झाला की त्यात न बसणाऱ्या वस्तूही आपण कोंबू लागतो. जनुकांचा शोध लागल्यावर असे दिसून आले की कांड्यांचा रोग एक नाही. दहाहून अधिक जनुकांतील दोषांनी तेच चित्र निर्माण होते. उलटपक्षी, ज्या एका जनुकातील दोषाने गाभा उत्पन्न होतो, त्याच जनुकामुळे काही रोग्यांत केंद्रकेही मध्यभागी येतात. शिवाय तंतूंत कांड्या किती आहेत यावरून मूल किती दुर्बळ होईल, हेही सांगता येत नाही. कोणी पहिल्याच वर्षी श्वास कोंडून जाते, तर कोणी म्हातारपणापर्यंत जगते. ‘मायोट्यूब्युलर’ या नावामागचा वाढ थांबल्याचा तर्कही आज पुरेसा मानला जात नाही. बिघाड पेशीतील पटलांच्या व्यवस्थेत असतो असे आता दिसते. तर्क मागे पडला तरी नाव मात्र राहिले.

याही बाबतीत चरकसंहितेचा सूत्रस्थानातील एक विचार स्मरणीय आहे. एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्वच विकारांची नावाने निश्चिती होत नाही, असा त्याचा आशय आहे. नाव हे हाताशी धरावयाचे साधन आहे, पूजा करावयाची मूर्ती नव्हे, असे मी यावरून समजतो. परंतु यामुळे आक्षेप पुरता खरा ठरत नाही. चुकीचा नकाशाही मागून येणाऱ्याला दुरुस्त करता येतो. कोऱ्या कागदात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. रे यांनी तुकडा जपून ठेवला नसता, तर चाळीस वर्षांनंतरचा न्यायही त्याला मिळाला नसता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ‘उपाय नाही’ हे ज्ञान घेऊन आईबापांनी करावयाचे काय? याला उत्तर म्हणून एक हकिकत सांगितली पाहिजे. १९६० साली मेलबर्न येथे डेनबरो आणि लव्हेल यांनी एका एकवीस वर्षांच्या तरुणाची माहिती प्रसिद्ध केली. त्याचा पाय मोडला होता, पण त्याला पायापेक्षा भुलीची भीती अधिक वाटत होती. कारण त्याचे दहा नातेवाईक शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या भुलीने दगावले होते. नवी भूल देऊनही त्याचा ताप झपाट्याने चढला आणि तो मरता मरता वाचला. भुलीच्या काही औषधांनी स्नायू अनावर आकुंचन पावून देह तापतो, असा हा आनुवंशिक दोष होता. १९७३ साली असे दिसून आले की गाभ्याच्या रोगाशी त्याचा संबंध आहे. पुढे दोन्हींच्या मुळाशी बहुधा ‘आर-वाय-आर-१’ हेच जनुक असल्याचे कळले. म्हणजे १९५६ साली जी आकृती केवळ एक कुतूहलाची वस्तू होती, तीच सतरा वर्षांनी धोक्याची पाटी ठरली. रोगावर औषध नव्हतेच. परंतु ‘या घराण्यातील कोणालाही अमुक भूल देऊ नका’ हे एक वाक्य कित्येकांचे प्राण वाचवू शकत होते. या ज्ञानाने बरे करणे शक्य नव्हते. मारण्यापासून परावृत्त करणे मात्र शक्य झाले. उपाय या शब्दाचा अर्थ आपण फारच आखूड करून ठेवला आहे, असे यावरून वाटते. यात एक कटु विनोदही दडलेला आहे. ज्या मुलाचा तुकडा काढावयाचा, त्याच्यासाठी त्या तपासणीची भूलच घातक ठरण्याचा संभव असतो. म्हणून ज्ञान येण्यापूर्वीच ज्ञानी असल्यासारखी सावधगिरी बाळगावी लागते.

आणखी एक लाभ आहे, पण तो दुधारी आहे. आपल्याकडे असे मूल जन्मले की शोध सुरू होतो तो कारणाचा नव्हे, दोषाचा. आईने ग्रहणात भाजी चिरली होती काय, कोणाची दृष्ट लागली, कोणता नवस फेडावयाचा राहिला, मागील जन्मीचे काय उभे राहिले! शेजारणीपासून सासूपर्यंत सर्वांच्या नजरा एकाच स्त्रीवर खिळतात. तंतूतील गाभा किंवा कांडी दाखविता आली तर हा खटला तेथेच निकाली निघावयास हवा. परंतु पुढे जनुकशास्त्र येते आणि काही प्रकारांत सांगते की दोष आईकडून आला आहे; मायोट्यूब्युलरचा सर्वांत तीव्र प्रकार मुलग्यांना आईकडून मिळतो, आणि त्याचे जनुक १९९६ साली सापडले. मग ग्रहणाच्या जागी गुणसूत्र येते आणि आरोपी तीच राहते. येथे ज्ञान अपुरे पडत नाही. आपले नीतिशास्त्र अपुरे पडते. कारण सापडणे म्हणजे दोषी सापडणे नव्हे. ज्या गोष्टीची जाणीव नव्हती, जिची निवड केली नाही, तिची जबाबदारी कोणावर टाकता येत नाही. हा भेद ज्याला शिकविता येत नाही त्याने जनुकाचा अहवाल आईच्या हाती देऊ नये.

यापुढचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. या मुलाला लाभ झाला नाही तरी पुढच्या मुलाला होईल, असे म्हणून त्याचा तुकडा घेणे न्याय्य आहे काय? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा कांटचा दंडक प्रसिद्ध आहे. येथे तर मूल संमतीही देऊ शकत नाही. दुसऱ्या पारड्यात इतिहास आहे. बालकांच्या मज्जारज्जूतील पेशी झिजून स्नायू निकामी होतात, त्या रोगाचे वर्णन व्हेर्डनिग यांनी १८९१ साली केले. त्याचे जनुक १९९५ साली सापडले आणि पहिले परिणामकारक औषध अमेरिकेत २०१६ च्या अखेरीस मान्य झाले. मध्ये सव्वाशे वर्षे गेली! त्या काळात ज्या बालकांच्या देहातून हे ज्ञान गोळा झाले त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याचे फळ मिळाले नाही. आज जे मूल त्या औषधाने बसू लागते, ते त्या अनाम बालकांच्या ऋणात आहे. याच्या उलट मायोट्यूब्युलर रोगावरील जनुकोपचाराची चाचणी पाहा. २४ मुलांना हा उपचार मिळाला. त्यांपैकी १६ जणांचे श्वासयंत्र सुटले, आणि २०२० व २०२१ या दोन वर्षांत यकृताच्या बिघाडाशी निगडित गुंतागुंतीने चौघे दगावले. उपचार देणे थांबवावे लागले. सोळा आणि चार यांची वजाबाकी करून बारा हे उत्तर काढणारा माणूस गणितात उत्तीर्ण होईल, नीतिशास्त्रात नव्हे.

मला वाटते, कांटच्या दंडकातील ‘केवळ’ हा शब्द येथे मार्ग दाखवितो. मुलाचा तुकडा घेताना त्याचे भवितव्य जाणणे, त्याला धोक्याच्या औषधांपासून वाचविणे आणि त्याच्या घराला निरर्थक दोषारोपांतून मुक्त करणे हे हेतू खरोखरच असतील, तर ते मूल साधनाबरोबर साध्यही राहते. त्याखेरीज अन्य मार्गाने तेच कळणार असेल, तर सुरी चालविण्याचा अधिकार संपतो. आज पुष्कळदा रक्तातील जनुकतपासणी आधी होते. तिचा अर्थ संदिग्ध राहिला तरच स्नायूला साक्षीसाठी बोलाविले जाते. हा बदल वेदना टाळतो, म्हणून तो तंत्राइतकाच नीतीचाही विजय आहे. आणि जे घेतले ते जपून ठेवणे, नव्या ज्ञानाच्या प्रकाशात पुन्हा पाहणे आणि जे कळेल ते त्या घराला सांगणे, हे ऋण घेणाऱ्यावर कायम राहते.

अखेरीस एक विचार आपणा परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्यांसाठी, कारण आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य नावे आणि खाने यांच्यातच जाते. फायलीला शीर्षक नसेल तर ती पुढे सरकत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावाने आहे. गाभ्याचा किंवा कांड्यांचा रोग नावाने नाही, त्याला चलनविषयक अपंगत्वाच्या दाराने आत यावे लागते. २०२१ च्या दुर्मिळ रोगविषयक राष्ट्रीय धोरणात रोगांचे तीन गट केले आहेत, आणि २०२२ पासून ठरविलेल्या केंद्रांतील उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. परंतु ते तिन्ही गट उपचाराच्या अंगाने रचलेले आहेत. ज्या रोगावर उपचारच नाही, त्याने कोणत्या गटात उभे राहावे? चाकाची खुर्ची, श्वासयंत्र, शाळेतील उतरण आणि रात्री उठून कूस बदलणारे कोणी, या त्याच्या गरजा मात्र खऱ्या असतात.

म्हणून नावाचे मोल मान्य करूनही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. रोगाचे नाव शोधणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. परंतु नाव सापडेपर्यंत साहाय्य रोखून धरणे हा समाजाचा अपराध आहे. बदलीच्या गावी, जेथे आपले कोणी नाही, अशा ठिकाणी एखादा कारकून कडेवर लोंबणारे मूल घेऊन आपल्या मेजासमोर उभा राहील. त्याच्या अर्जातील रोगाचा रकाना कोरा असेल, किंवा उच्चारता न येणाऱ्या एखाद्या शब्दाने भरलेला असेल. अशा वेळी रकान्याच्या आधी मुलाकडे पाहावे. सूक्ष्मदर्शक ज्ञान देतो, आणि त्या ज्ञानाला उपायाची जोड नसली तरी ते व्यर्थ नसते. परंतु उपाय नसतानाही जे करता येते, ते करावयाचे की नाही, हे सूक्ष्मदर्शक ठरवीत नाही. ते आपणच ठरवितो, आणि त्यासाठी कोणाचा तुकडा काढून पाहावा लागत नाही.